घरी जुळवलेल्या इग्निशनमध्ये नॉक सेन्सरचे खोटे इशारे : लक्षणे आणि तपासणीचा क्रम

डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी क्रँकवर दात्यांचे चाक, दोन कॉइल आणि स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा कंट्रोलर बसवणाऱ्यांची एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. गाडी व्यवस्थित चालू लागलेली असते, मग इंजिनाच्या रक्षणासाठी नॉक सेन्सर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप भडकल्याचा आघात ऐकणारा सेन्सर, जोडला जातो आणि तेव्हापासून लॅपटॉपवर सतत नॉकिंग दिसू लागते. कंट्रोलर स्पार्कचे टायमिंग मागे घेत राहतो, गाडी मरगळते आणि सायलेन्सर तापतो. कानाला मात्र काहीच ऐकू येत नाही. काही वेळा नेमके उलट घडते : घाटात इंजिन स्पष्ट नॉक मारत असते आणि पडद्यावरची रेषा सपाट असते.

अशा वेळी बहुतेक जण प्रथम सेन्सर बदलतात, कारण तो दुकानात सहज मिळतो. माझ्या अनुभवात मूळ सेन्सर क्वचितच खराब निघतो. दोष असतो तो सेन्सर कसा बसवला, त्याची तार कुठून नेली आणि कंट्रोलर त्याचे ऐकतो कधी, या तीन गोष्टींत. खाली दिलेला क्रम त्याच हिशेबाने, बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरू होतो.

आकडेमोड ठोस राहावी म्हणून एकच इंजिन समोर ठेवतो : मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बोअर ७४ मिलिमीटर, वेस्टेड स्पार्क पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येकी दोन सिलिंडरना एकाच वेळी स्पार्क देणाऱ्या दोन कॉइल, कॉइल चार्ज होण्याचा काळ म्हणजे ड्वेल ३ मिलिसेकंद आणि वरच्या फेऱ्यांत स्पार्क टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याच्या क्षणाच्या, ३० अंश आधी. नॉक ऐकण्याची विंडो टीडीसीनंतर १० अंशांना उघडते आणि ६० अंशांना बंद होते, असे धरले आहे. आपले इंजिन वेगळे असेल तर हेच गणित आपल्या आकड्यांनी पुन्हा करावे.

लक्षणे

- इंजिन गरम होऊन रिकामे चालत असतानाही नॉकची नोंद होते.
- एका ठरावीक फेऱ्यांच्या वर, पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो, नॉक दिसते. त्याखाली अजिबात दिसत नाही.
- रात्री हेडलाइट आणि पंखा लावल्यावर नोंदी वाढतात किंवा कमी फेऱ्यांपासूनच सुरू होतात.
- एकाच सिलिंडरच्या किंवा एकाच जोडीच्या नावावर सगळ्या नोंदी पडतात.
- खड्ड्यात, गिअर बदलताना किंवा एसीचा कॉम्प्रेसर लागताना नोंद उमटते.
- पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज चढावर स्पष्ट येतो, पण सेन्सर गप्प असतो.

शेवटचे लक्षण असेल तर आधी पुढचा थांबण्याविषयीचा भाग वाचावा आणि मगच बाकीच्या तपासण्यांकडे वळावे. बाकीची पाच लक्षणे त्रासदायक असली तरी इंजिनाला लगेच इजा करणारी नाहीत. तरीही टायमिंग कायम मागे राहिले तर ज्वलन उशिरा संपते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि त्याची किंमत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोजतात. म्हणून नोंद खोटी आहे असे गृहीत धरून ती बंद करून टाकणे हा उपाय नव्हे.

पहिली तपासणी : उतारावरचा लॉग

यासाठी एकही हत्यार लागत नाही. कात्रज किंवा खंबाटकीसारखा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून उतरावा आणि त्या वेळचा लॉग साठवावा. लॅपटॉप शेजारी बसलेल्या माणसाने सांभाळायचा. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये.

नॉक म्हणजे स्पार्कने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेला उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप भडकणे. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये हवाच इतकी कमी शिरते की तेवढा दाब तयार होत नाही आणि इंधन तोडण्याची सोय चालू असेल तर त्या वेळी काहीच जळत नाही. त्यामुळे उतारावर दिसलेली प्रत्येक नोंद खोटी, हे निःशंकपणे म्हणता येते. उलट बाजूने मात्र हा निष्कर्ष काढता येत नाही. उतारावर नोंद आली नाही म्हणून चढावरची नोंद खरीच, असे नाही, कारण पिस्टनचा सिलिंडरच्या भिंतीवर होणारा आपटा भार वाढला की वाढतो आणि तोही सेन्सरला ऐकू जातो.

याच लॉगमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. खरे नॉकिंग साधारणतः पूर्ण थ्रॉटलवर मधल्या फेऱ्यांत, जिथे सिलिंडर सर्वांत चांगले भरतात तिथे, अधिक असते. फेरे वाढले की मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच कमी मिळतो. भाराशी संबंध न ठेवता केवळ फेऱ्यांबरोबर चढत जाणारी नोंद नेहमी संशयास्पद मानावी.

दुसरी तपासणी : सेन्सर हवेत लटकवणे

माझ्या मते संपूर्ण क्रमातील ही सर्वांत मोलाची तपासणी आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. कंट्रोलरमध्ये नॉकमुळे टायमिंग मागे घेण्याची मर्यादा शून्य करावी, म्हणजे तो फक्त नोंद करेल. सेन्सरचा बोल्ट काढावा, पण तार जोडलेलीच ठेवावी. सेन्सर फोमच्या तुकड्यात गुंडाळून, तो पूर्वी होता त्याच्या जवळपास, पण कोणत्याही धातूला, प्लगच्या वायरला किंवा एक्झॉस्टला न लागेल असा बांधावा. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये फेरे सावकाश ५५०० पर्यंत न्यावेत. या अवस्थेत इंजिनाला कोणतेही संरक्षण नसते, म्हणून गाडी रस्त्यावर नेऊ नये. तशी गरजही पडत नाही, कारण कॉइल न्यूट्रलमध्येही तशाच चालतात.

सेन्सर हवेत असताना नोंद येत राहिली तर ती विजेची आहे. ब्लॉक, टॅपेट, पिस्टन यांच्याशी तिचा संबंध नाही. नोंद पूर्ण थांबली तर ती कंपनाची आहे, मग ते कंपन नॉकचे असो वा कोणत्या सैल ब्रॅकेटचे. या एका उत्तराने पुढचे निम्मे काम वाचते. विजेची असेल तर पुढची बोल्टची तपासणी ओलांडून सरळ ड्वेलकडे जावे.

बोल्ट आणि बैठक

सपाट प्रतिसादाच्या, म्हणजे सर्व सुरांना सारखीच दाद देणाऱ्या, मध्ये भोक असलेल्या सेन्सरमध्ये पिझो सिरॅमिकची एक चकती आणि तिच्यावर दाबून बसवलेले एक वजन असते. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबते आणि विजेचा अगदी लहान दाब निर्माण होतो. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या बॉशच्या सेन्सरमध्ये तो ५ किलोहर्ट्झला एका 'जी' प्रवेगामागे सुमारे २६ मिलिव्होल्ट असतो. इतका नाजूक संदेश ब्लॉकपासून सेन्सरपर्यंत पोहोचतो तो फक्त मधल्या धातूच्या बाहीच्या चकचकीत कडेतून. तिथे रंग, गंज, जुन्या गॅस्केटचा लेप किंवा वॉशर आला की कंपनाचा आकारच बदलतो.

म्हणून वॉशर कोणताही नको. साधा नको आणि स्प्रिंग वॉशर तर मुळीच नको. ब्लॉकवरची जागा सपाट आणि धातू उघडा असावा. बोल्ट एम८, बिडाच्या ब्लॉकसाठी २५ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमसाठी ३० मिलिमीटर लांबीचा. आवळण्याचा जोर २० न्यूटन-मीटर, ५ इकडे-तिकडे चालतो, आणि तो टॉर्क रेंचनेच द्यावा. हाताच्या अंदाजाने आवळलेले बोल्ट मी अनेकदा तपासले आहेत. ते जवळजवळ नेहमी जास्त आवळलेले असतात, आणि त्याने सेन्सरवर पडणारा ताण बदलून त्याची संवेदनाही बदलते.

जागेचाही विचार करावा. चार सिलिंडरच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, ब्लॉकच्या वरच्या अर्ध्या भागात सेन्सर असावा. ज्या इंजिनाला मुळात नॉक सेन्सर नव्हता त्यावर लोक अल्टरनेटरच्या किंवा माउंटिंगच्या ब्रॅकेटवर तो बसवतात. तिथे तो ब्रॅकेटचेच कंपन ऐकतो आणि सिलिंडरचा संदेश वाटेत विरतो. ब्लॉकवर आधीपासून असलेले, वापरात नसलेले आटे सापडले तर उत्तम. ते नसतील आणि ब्लॉकमध्ये नवे भोक पाडण्याचा विचार असेल तर घरच्या ड्रिलने करू नये : भिंतीपलीकडे पाण्याची जाकीट आहे की तेलाची वाट, हे बाहेरून दिसत नाही. ते काम इंजिन ब्लॉकचे काम करणाऱ्या मशीन शॉपचे आहे.

सेन्सरची स्वतःची तपासणी लगेच होते. दोन पिनांमधला रोध मल्टिमीटरवर एक मेगाओहमपेक्षा जास्त यायला हवा. मग सेन्सरजवळ ब्लॉकवर, सेन्सरवर नव्हे, लहान पान्याने हलकेच ठोकून आउटपुट ऑसिलोस्कोपवर पाहावे. प्रत्येक ठोक्याला लाट उमटून विरत असेल तर सेन्सर बदलण्याची गरज नाही.

ड्वेल आणि विंडो यांची टक्कर

हवेत लटकवलेला सेन्सरही ठरावीक फेऱ्यांच्या वर नोंद देत असेल तर सर्वांत आधी हे पाहावे. घरी जुळवलेल्या इग्निशनमधला हा सर्वांत नियमित दोष आहे आणि तो कागदावर सापडतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्पार्क पडतो. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क टीडीसीच्या ३० अंश आधी पडला, तर दुसऱ्या कॉइलचा स्पार्क त्यानंतर १८० अंशांनी, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीनंतर १५० अंशांना पडणार. त्या स्पार्कसाठी कॉइलमध्ये प्रवाह ३ मिलिसेकंद आधी सुरू करावा लागतो. हे ३ मिलिसेकंद अंशांत किती होतात ते फेऱ्यांवर ठरते. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणून ड्वेल ५४ अंशांचा होतो आणि प्रवाह टीडीसीनंतर ९६ अंशांना सुरू होतो. विंडो ६० अंशांना बंद झालेली असते, त्यामुळे काही बिघडत नाही. ५००० आरपीएमला हाच ड्वेल ९० अंशांचा होतो आणि प्रवाह नेमका ६० अंशांवर, विंडोच्या उंबऱ्यावर सुरू होतो. ६००० ला तो १०८ अंशांचा होऊन सुरुवात ४२ अंशांवर येते, म्हणजे विंडोच्या आत.

कॉइलचा ट्रान्झिस्टर चालू होतो त्या क्षणी हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, आणि ग्राउंडमध्ये प्रवाहाची एक उडी बसते. सेन्सरची तार काही मिलिव्होल्टांचा संदेश वाहत असल्यामुळे ती उडी तिच्यात सहज उतरते आणि कंट्रोलरच्या दृष्टीने ते नॉकच असते. म्हणूनच ५००० च्या खाली सारे शांत आणि वर सतत नॉक, असे चित्र दिसते.

रात्रीच्या दिव्यांचे लक्षणही येथेच उलगडते. दिवे आणि पंखा लागल्यावर बॅटरीचा व्होल्टेज उतरतो, कॉइल पूर्ण भरण्यासाठी कंट्रोलर ड्वेल वाढवतो आणि प्रवाहाची सुरुवात आणखी अलीकडे सरकते. ड्वेल ३.६ मिलिसेकंद झाला तर तो ९० अंशांचा होण्यासाठी ५००० नव्हे, सुमारे ४१७० आरपीएम पुरतात.

पडताळणीला खर्च नाही. ड्वेल तात्पुरता २.५ मिलिसेकंद करून तीच चाचणी घ्यावी. गणिताने खोटी नोंद आता ६००० च्या आसपास सुरू व्हायला हवी, म्हणून ५५०० पर्यंत ती आली नाही तर निदान पक्के. ड्वेल कमी केल्याने स्पार्क थोडा अशक्त होतो, म्हणून ही चाचणी न्यूट्रलमध्येच करावी. ड्वेल वाढवून पडताळणी करण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने कॉइल आणि ट्रान्झिस्टर दोन्ही तापतात.

उपाय दोन बाजूंनी करायचा. पहिला, विंडो वरच्या फेऱ्यांत लवकर बंद करणे. ५००० च्या वर ती ४० अंशांना बंद केली तरी नॉकच्या लाटेचा बराचसा भाग हाती लागतो, कारण ती दाबाच्या शिखराजवळच जन्म घेते. ६००० आरपीएमला एक अंश सुमारे २८ मायक्रोसेकंदांचा असतो; १० ते ४० अंशांत ०.८३ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात या इंजिनाच्या नॉकची सहा आवर्तने बसतात. विंडो आखूड केली की जमा होणारा आकडाही लहान होतो, तेव्हा खाली सांगितलेली उंबरठ्याची तालिका पुन्हा भरावी लागते. दुसरी बाजू म्हणजे तारा, त्याविषयी पुढे. प्लगवर बसणाऱ्या चार स्वतंत्र कॉइल लावल्या की ही अडचण सुटेल, असे बऱ्याच जणांना वाटते. ती सुटत नाही. पुढच्या सिलिंडरचा स्पार्क तरीही १८० अंशांनीच पडतो आणि त्याच्या कॉइलचा प्रवाह त्याच वेळी सुरू होतो.

तारा, शिल्ड, ग्राउंड आणि प्लग

सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत शिल्ड, म्हणजे धातूचे आवरण असलेली दोन तारांची केबल असावी आणि तिचे शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड करावे. दोन्ही टोके ग्राउंड केली तर इंजिन आणि बॉडी यांच्यातला फरकाचा प्रवाह त्याच शिल्डमधून वाहू लागतो आणि जे अडवायचे तेच आत येते. कॉइलचे ग्राउंड आणि सेन्सरचे ग्राउंड वेगळे ठेवावे. कॉइलच्या आणि इंजेक्टरच्या तारांपासून ही केबल दूर न्यावी. एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडू द्यावे.

प्लग रेझिस्टर असलेलेच हवेत. एनजीकेच्या प्लगवर बीपीआर६ईएस असे लिहिलेले असेल तर त्यातला 'आर' रेझिस्टरचा. बीपी६ईएस हा वरवर सारखाच दिसणारा, पण रेझिस्टर नसलेला प्लग आहे आणि जुन्या गाड्यांवर तो अजून सापडतो. प्लगच्या वायरमध्ये साधी तांब्याची तार असेल तर तीही बदलावी. या बदलाने खोटी नोंद थांबली नाही, तरी क्रँक सेन्सरच्या संदेशातला गोंधळ कमी होतो, म्हणून हा खर्च वाया जात नाही.

टायमिंग खरेच तेवढे आहे का

कंट्रोलर सांगतो तो अंश आणि क्रँकवर प्रत्यक्ष पडणारा अंश एकच आहे, हे टायमिंग लाइटने पाहावे. टायमिंग १० अंशांवर स्थिर करून १००० आणि ४००० आरपीएमला खूण पाहावी. खूण दोन्हीकडे एकाच जागी हवी. ती फेऱ्यांबरोबर सरकत असेल तर क्रँकच्या व्हीआर (चुंबकीय) सेन्सरच्या तारा उलट्या लागल्याची शक्यता आधी तपासावी. अंश फिरवून मोजण्याची सोय असलेला टायमिंग लाइट वेस्टेड स्पार्कवर चुकीचा आकडा दाखवू शकतो, कारण त्याला अपेक्षेच्या दुप्पट स्पार्क दिसतात. म्हणून साधा लाइट आणि पुलीवर स्वतः रंगवलेल्या खुणा अधिक भरवशाच्या. येथे फरक सापडला तर आतापर्यंतची नोंद खोटी नसून खरी असण्याचा संभव आहे, आणि मग दुरुस्ती टायमिंगची करायची, सेन्सरची नव्हे.

टॅपेट आणि खडखडणारे भाग

सेन्सर हवेत असताना नोंद थांबत असेल आणि उतारावरही ती येत असेल तर यांत्रिक आवाज शोधायचा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ धरू. पहिल्या सिलिंडरची विंडो चालू असते त्याच काळात तिसरा सिलिंडर खालच्या टोकावरून १० ते ६० अंश वर आलेला असतो आणि बहुतेक इंजिनांत त्याचा इनलेट व्हॉल्व्ह त्याच पट्ट्यात बंद होतो. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्हही जवळपास तेव्हाच, विंडोच्या सुरुवातीला बसतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या नावावर पडलेली नोंद तिसऱ्याच्या किंवा चौथ्याच्या सैल टॅपेटची असू शकते. एकाच सिलिंडरच्या नावावर सगळ्या नोंदी पडत असतील तर हे आवर्जून पाहावे. टॅपेटची फट कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे, इंजिनाच्या सांगितलेल्या तापमानाला, फीलर गेजने लावावी.

त्यानंतर एक्झॉस्टचे उष्णतारोधक पत्रे, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, एसी कॉम्प्रेसरचे बोल्ट आणि इंजिन माउंटिंग हाताने हलवून पाहावे. खड्ड्यात उमटणारी नोंद बहुधा येथे संपते.

संदेशाचे इलेक्ट्रॉनिक्स

येथून पुढचे काम ऑसिलोस्कोप आणि संयम मागणारे आहे.

नॉकचा सूर सिलिंडरच्या बोअरवरून काढता येतो. १९३० च्या दशकात चार्ल्स ड्रेपर यांनी सिलिंडरमधल्या दाबलहरींचा अभ्यास मांडला, त्यावरून आलेले सूत्र आजही पुरते : १८०० ला पाय आणि मिलिमीटरमधील बोअर यांच्या गुणाकाराने भागले की किलोहर्ट्झमध्ये उत्तर येते. ७४ मिलिमीटर बोअरला ७.७, मारुती ८०० च्या ६८.५ मिलिमीटरला ८.४, ८६ मिलिमीटरला ६.७. एकाच सुरावर जोरात वाजणारे जुने अनुनादी सेन्सर भंगारातून आणून दुसऱ्या बोअरच्या इंजिनावर लावले की ते भलत्याच सुराला दाद देतात आणि खऱ्या नॉकला गप्प राहतात. सपाट प्रतिसादाच्या सेन्सरला हा दोष नसतो, तेव्हा घरच्या कामासाठी तोच घ्यावा. पायाभूत सुरावर व्हॉल्व्हचा आवाज फार असेल तर फिल्टर दुसऱ्या सुरावर, म्हणजे सुमारे १.६६ पटीवर लावून पाहावा; या इंजिनात तो १२.८ किलोहर्ट्झच्या जवळ येतो.

सेन्सरची तार सरळ अर्डुइनो मेगाच्या ॲनालॉग पिनला जोडलेली मी अनेक बोर्डांवर पाहिली आहे. त्यात दोन दोष आहेत. सेन्सरचा संदेश शून्याच्या खालीही जातो आणि तो उणे व्होल्टेज पिनला सोसत नाही. शिवाय नेहमीच्या सेटिंगमध्ये ती चिप सेकंदाला सुमारे ९६०० नमुने घेते, पण ७.७ किलोहर्ट्झची लाट नीट पकडायला तिच्या दुपटीहून, म्हणजे सेकंदाला १५,४०० हून अधिक नमुने लागतात. कमी नमुन्यांत ती लाट १.९ किलोहर्ट्झच्या बनावट लाटेसारखी दिसते आणि सॉफ्टवेअरमधला कोणताही फिल्टर मग तिला वाचवू शकत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे नॉकसाठीच बनवलेली चिप. टीपीआयसी८१०१ या चिपमध्ये १.२२ ते १९.९८ किलोहर्ट्झपर्यंत ६४ टप्प्यांत फिल्टर लावता येतो, विंडो उघडी असेपर्यंत ती संदेश जमा करते आणि शेवटी कंट्रोलरला एकच स्थिर आकडा देते.

फिल्टरची चाचणी फोनने होते. सूर निर्माण करणारे ॲप घेऊन, हेडफोनच्या वाटेने, मध्ये एक कपॅसिटर ठेवून, सेन्सरऐवजी ७.७ किलोहर्ट्झचा सूर सर्किटला द्यावा आणि मग ४ व १५ किलोहर्ट्झचा. पहिल्याला आकडा वाढून इतर दोन्हींना पडला पाहिजे. आवाज अगदी लहान ठेवून सुरुवात करावी.

गेन, म्हणजे संदेश किती पट मोठा करायचा तेही येथेच पाहावे. इंजिन नुसते फिरवतानाच आउटपुट ५ व्होल्टच्या छताला टेकत असेल तर नॉकसाठी वर जागाच उरत नाही. कानाला नॉक ऐकू येते आणि रेषा सपाट राहते, याचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणून अशा वेळी गेन वाढवण्याऐवजी कमी करून पाहावा.

उंबरठ्याची तालिका

सेन्सरला येणारा सामान्य आवाज फेऱ्यांबरोबर चढतो. ज्या आकड्याच्या वर नॉक मानायची ती मर्यादा सर्व फेऱ्यांना एकच दिली तर ती खाली फार उंच आणि वर फार ठेंगणी पडते, म्हणून दर ५०० आरपीएमला वेगळी मर्यादा हवी. ती भरताना इंजिन नक्की नॉक मारत नाही अशा स्थितीत हवे : टायमिंग मुळापेक्षा सुमारे ६ अंश मागे आणि टाकीत १०० ऑक्टेनचे पेट्रोल, जे मुंबई-पुण्यात काही पंपांवर मिळते. त्या स्थितीतली सरासरी घ्यावी आणि तिच्या दुपटीपासून मर्यादा सुरू करावी. मग टायमिंग मूळ जागी आणून पाहावे.

हेच महाग पेट्रोल निदानालाही उपयोगी पडते. मूळ टायमिंगवर, त्याच चढावर, तितक्याच गरम इंजिनात १०० ऑक्टेनने नोंद नाहीशी झाली तर ती खरी होती. तशीच राहिली तर अजून आवाजच ऐकला जात आहे. खरी निघाल्यास आधी मिश्रण पाहावे. आता पंपावरचे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि त्याला पूर्ण जळण्यासाठी १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा लागते. जुन्या पेट्रोलवर लावलेला कार्ब्युरेटर किंवा ऑक्सिजन सेन्सरशिवाय चालणारा इंधनाचा नकाशा तसाच ठेवला तर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होते. त्यानंतर थर्मोस्टॅट, रेडिएटर, प्लगची उष्णताश्रेणी आणि पिस्टनवरचा कार्बन तपासावा.

कंट्रोलरला परत अधिकार देताना प्रत्येक खऱ्या नोंदीला २ अंश मागे आणि एकूण ८ अंशांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा ठेवावी. टायमिंग परत पुढे आणताना सेकंदाला एका अंशापेक्षा घाई करू नये.

कुठे थांबावे

चढावर नॉक स्पष्ट ऐकू येत असेल आणि सेन्सर गप्प असेल तर ताबडतोब पाय काढावा, मूळ नकाशातले टायमिंग ६ अंश कमी करावे आणि दोष सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये. ८ अंश मागे घेऊनही आवाज राहिला तर टायमिंगशी खेळणे थांबवावे, कारण दोषाचे मूळ मिश्रणात, उष्णतेत किंवा स्पार्कच्या आधीच होणाऱ्या प्रज्वलनात आहे. ते डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), एक्झॉस्टचे तापमान आणि हवा-इंधन प्रमाण मोजणाऱ्या ट्यूनरने पाहायचे काम आहे.

प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर चकाकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असू शकते. त्यानंतर इंजिन सुरू करू नये. सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठी तफावत किंवा कारण नसताना कूलंट कमी होणे, हीसुद्धा हेड उघडण्याचीच चिन्हे आहेत. खालून येणारा जड, बोथट ठोका, विशेषतः ऑइल प्रेशर उतरलेले असताना, हा बेअरिंगचा असतो. त्यावर सेन्सर, फिल्टर, विंडो यांपैकी कशाचाही इलाज नाही आणि इंजिन त्याच जागी बंद करून गाडी ओढून न्यावी.

कॉइलच्या प्राथमिक बाजूलाही स्पार्कच्या क्षणी काही शे व्होल्ट उसळतात. ऑसिलोस्कोपचा प्रोब तिथे लावण्याची वेळ आली आणि त्या व्होल्टेजसाठीचा प्रोब जवळ नसेल, तर ते मोजमाप वाहनांच्या विजेचे काम करणाऱ्या जाणकाराकडून करून घ्यावे. त्याच्याकडे किंवा ट्यूनरकडे जाताना उताराचा आणि चढाचा असे दोन्ही लॉग, ड्वेलची आणि विंडोची तालिका, आणि प्रत्येक सिलिंडरचा क्रमांक लिहून वेगळे ठेवलेले चारही प्लग सोबत न्यावेत.